रसद नसलेलं ताट

या मालिकेत आपण किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या, मोहिमा पाहिल्या. आज ताट पाहायचं आहे. ताटालाही इतिहास असतो, आणि फौजेत ३१ वर्षं काढलेल्या माणसाला तो एकाच प्रश्नातून दिसतो: रसद कुठून आली? कुठलीही मोहीम घ्या, हिशेब शेवटी तिथेच येऊन थांबतो. धान्य कोणी पिकवलं, कोणी वाहून आणलं आणि किती दिवस पुरलं?

हा प्रश्न मी माझ्या स्वतःच्या ताटाला विचारायला फार उशीर केला. निवृत्त होऊन म्हैसूरला स्थायिक झालो, ६२ वर्षं पूर्ण झाली, आणि रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.१ आला. माझे वडील मधुमेहानं गेले. साताऱ्याकडचे शेतकरी, चार एकर जमीन, एक बैलजोडी. गेले तेव्हा ६१ वर्षांचे होते. अहवाल हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. पहिला विचार आला तो हाच, की आपण त्यांच्यापेक्षा एक वर्ष जास्त काढलं.

मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "बाबा, तुम्ही पॅलिओ करा. आदिमानव खायचा तेच खायचं. धान्य बंद, डाळी बंद, दूध बंद, साखर बंद." मी म्हटलं, "मग राहिलं काय?" तो म्हणाला, "मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा." शिस्तीचा माणूस आहे मी. हुकूम मिळाला की पाळायचा. सुरू केलं.

सकाळी पालक-टोमॅटोत परतलेली तीन अंडी. दुपारी मासळी नाहीतर कोंबडी, सोबत काकडी, गाजर आणि ओलं खोबरं. रात्री फ्लॉवर किसून केलेला 'भात' आणि त्यावर मटणाचा रस्सा. मधल्या वेळी मूठभर बदाम. गोड खावंसं वाटलं की खजूर आणि काजू वाटून केलेले लाडू, आणि रविवारी बदामाच्या पिठाचा, मध घातलेला केक. तीन महिन्यांत वजन ६ किलोनं उतरलं आणि आकडा ६.९ वर आला. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. मी खूश. शेजारच्या निवृत्त मंडळींना आदिमानवावर व्याख्यानं द्यायला लागलो.

मग भाद्रपद आला.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आमच्याकडे माझी आई हे व्रत करायची, आता पत्नी करते. महाराष्ट्राबाहेरच्या आणि नव्या पिढीच्या ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीत पिकलेलं धान्य चालत नाही. आपोआप उगवलेले देवभात किंवा वरीचे तांदूळ, आणि सोबत ऋषीची भाजी. तिच्यात अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडका, काकडी, भेंडी, लाल भोपळा, मक्याचं कणीस, चिंच, शेंगदाणे, हिरवी मिरची. परसात आणि कुंपणावर जे येतं ते सगळं. तेल नाही किंवा नावाला.

व्रताच्या कथेत विटाळाचं जे कारण दिलं आहे ते पत्नी मानत नाही. ती म्हणते, "कथा मी सोडून दिली, ताट सोडलं नाही." त्या वर्षी तिनं यादी दिली आणि मी देवराज मार्केटला गेलो. भाजीवाल्या अम्मांकडून केसुविन एले म्हणजे अळूची पानं, सुवर्णगड्डे म्हणजे सुरण, पडवलकाई, हीरेकाई असं सगळं घेऊन आलो. दुपारी ताट समोर आलं. ज्वारी नाही, गहू नाही, डाळ नाही, साखर नाही. वरीचा घास, मका आणि शेंगदाणे बाजूला ठेवले तर मुलानं पाठवलेला तक्ताच समोर वाढला होता. जे मी कॅलिफोर्नियातून शिकलो, ते माझी आई दरवर्षी एक दिवस करत होती.

मी हे मोठ्या उत्साहानं पत्नीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, पण तुमच्या त्या बदामाच्या पिठात कोणाचे कष्ट आहेत?"

मी पाकीट आणून पाहिलं. बदाम कॅलिफोर्नियाचे. मुलगा तिकडे, बदामही तिकडचे. तिथून माझा अभ्यास सुरू झाला.

आधी या आहाराचा इतिहास पाहू. अमेरिकेतले पोटाच्या विकारांचे डॉक्टर वॉल्टर व्हॉग्टलिन यांनी १९७५ साली अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिलं. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्व्हिन कॉनर या दोघांचा 'पुराश्मयुगीन पोषण' या विषयावरचा लेख तिथल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि विषयाला प्रतिष्ठा मिळाली. २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानं 'पॅलिओ' हा शब्द घरोघरी नेला. २००९ साली मार्क सिसन यांनी 'प्रायमल' नावाची शाखा काढली, तिच्यात दही, तूप, चीज यांना थोडी सूट आहे. सर्वांचा मूळ मुद्दा एकच. माणूस लाखो वर्षं शिकार आणि कंदमुळांवर जगला, शेती जेमतेम १०,००० वर्षांची, म्हणून आपलं शरीर अजून जुन्याच अन्नाला सरावलेलं आहे.

मुद्दा सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. पण आदिमानव नक्की काय खात होता, हे जमिनीतून काढावं लागतं, आणि त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला सापडलं. आमच्या कर्नाटकात, यादगीर जिल्ह्यातल्या हुणसगी खोऱ्यात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी अनेक वर्षं काम केलं. तिथल्या इसामपूरला चुनखडीच्या दगडाची हत्यारं घडवण्याची जागाच सापडली. तिचं वय सुमारे १२ लाख वर्षं धरलं जातं.

पद्दय्यांनी मांडलेलं चित्र फौजी माणसाला लगेच पटतं. पावसाळ्यात पाणी सगळीकडे, म्हणून टोळ्या खोऱ्यात पांगायच्या आणि फळं, बिया, पालेभाज्या, कंद गोळा करायच्या. उन्हाळ्यात पाणी आटलं की बारमाही झऱ्यांजवळ एकत्र यायच्या आणि मोठ्या शिकारीवर जास्त भर द्यायच्या. म्हणजे एकाच खोऱ्यात, एकाच टोळीचं ताट सहा महिन्यांत बदलत होतं. मग आदिमानवाचा आहार कोणता म्हणायचा, श्रावणातला की चैत्रातला?

आणि धान्य तो खातच नव्हता, हेही खरं नाही. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणात जवाच्या जातीच्या रानगवताचे शिजलेले कण मिळाले. इस्राएलमध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो या ठिकाणी २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव आणि गहू मिळाले, आणि ते ज्यावर दळले तो दगडही मिळाला. शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. माणूस पेरत नव्हता, पण दळत होता.

आता माझं ताट घ्या. बदाम: रानटी बदाम कडू आणि विषारी असतो, गोड बदाम शेतकऱ्यानं निवडून निवडून टिकवला. फ्लॉवर: कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली ही एकाच रानटी झाडापासून शेतकऱ्यांनी घडवलेली भावंडं. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. टोमॅटो अमेरिका खंडातला. कोंबडी माणसानं पाळली तीही शेती स्थिरावल्यानंतर. आदिमानवानं माझ्या ताटातलं फारसं काही ओळखलं नसतं.

म्हणून ऋषिपंचमीचं ताट जास्त जुनं, असं म्हणून मी मिशीला पीळ देणार होतो. तेही जमलं नाही. अळू, सुरण, पडवळ, दोडका, काकडी हे आपल्या आशियातले. पण मका, शेंगदाणा, मिरची आणि लाल भोपळा हे अमेरिकेतून आले, कोलंबसानंतर. एकादशीचं ताट तर याहून गमतीचं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला, रताळं तिथलंच, शेंगदाणा तिथलाच, राजगिराही मूळचा तिकडचाच. बटाटा तर नावासकट पोर्तुगीजांकडून आला. पाचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजाला साबुदाण्याची खिचडी वाढली असती, तर त्यानं विचारलं असतं, हे काय आहे?

पत्नीला हे सांगितल्यावर ती हसली. मी आणखी एक खोच काढली. "मार्केटमधला मका ट्रॅक्टरनं नांगरलेल्या शेतातला असणार. बैलाचे कष्ट नाहीत, डिझेलचे आहेत. चालतं का?" ती म्हणाली, "तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

पण तिचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पॅलिओवाले विचारतात, हा पदार्थ किती जुना? ऋषिपंचमी विचारते, यात कोणाचा घाम आहे? दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा चुकतं. दुसऱ्याचं उत्तर शोधता येतं. रसदीचा प्रश्न तोच.

आदिमानवाच्या ताटाची खरी खूण माझ्या मते ही आहे, की त्याला रसद नव्हती. जे पायी चालून, खणून, झाडावर चढून मिळेल तेच पोटात जायचं. फौजेत आम्ही बर्फात गस्तीला जाताना खिशात शक्करपारे ठेवायचो. दोन शक्करपाऱ्यांमागे गव्हाचं शेत, साखर कारखाना, तेलघाणा, रेल्वे, ट्रक आणि खेचर उभं असायचं. १९६१ साली खास सैनिकांच्या अन्नासाठी प्रयोगशाळा स्थापन झाली तीही याच म्हैसूरात. सैनिक म्हणजे संपूर्ण रसदीवर जगणारा माणूस. आदिमानव बरोबर त्याच्या उलट टोकाला.

रसद नसण्याची किंमतही असते. ती पाहायला पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला चला. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून अनेक हंगाम तिथे उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७०० च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांचं गाव होतं. जव हे मुख्य पीक. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. पाण्यासाठी कालवा, धान्यासाठी कोठार. इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडलं असावं, असं उत्खनकांनी मांडलं. चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेतीवरचा भर कमी झाला, शिकार आणि रानातलं गोळा करणं वाढलं.

म्हणजे आपल्याच मातीत लोक एकदा 'पॅलिओ'कडे परत गेले होते. तब्येतीसाठी नव्हे, दुष्काळामुळे. त्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं आहेत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली. त्या उत्तरकाळातल्या बाळांच्या हाडांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांत वाढ खुंटल्याच्या खुणा दिसल्या. 'पूर्वी सगळं शुद्ध होतं' असं कोणी म्हणालं की मला ती मडकी आठवतात.

आता म्हैसूरला परत येऊ. आमच्यापासून तीसेक किलोमीटरवर, कावेरी आणि कपिलेच्या संगमावर टी. नरसीपुर आहे. तिथे एम. शेषाद्री यांनी नवाश्मयुगीन वस्तीचं उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९७१ साली निघाला. बळ्ळारीकडे अशाच काळातल्या लोकांनी जाळलेल्या शेणाचे राखेचे ढिगारे अजून उभे आहेत. गाई पाळणारी ही माणसं खात काय होती? जळालेल्या दाण्यांवरून कळतं: हुलगे, मूग आणि बारीक तृणधान्यं. त्यातलं एक आजही कर्नाटकात 'कोरले' नावानं मिळतं. हुलगे म्हणजे आपले कुळीथ, इथल्या भाषेत हुरुळी. चार हजार वर्षांपूर्वीचा हा दाणा या दख्खनचा स्वतःचा. आणि पॅलिओच्या तक्त्यात तो निषिद्ध, कारण डाळवर्गातला. कॅलिफोर्नियाचा बदाम चालतो, नरसीपुरचा हुलगा चालत नाही!

आणि गोडाचं काय? म्हैसूरच्या पश्चिमेला, एच. डी. कोटेच्या जंगलात जेनु कुरुब राहतात. जेनु म्हणजे मध. उंच झाडावर रात्री चढून, धूर करून, माश्यांचे डंख सोसून मध काढणं हे त्यांचं पिढीजात काम. वर्षातून ठरावीक हंगामात मिळणारी ती गोडी. आता दुसरं टोक पाहा. कावेरीवर कृष्णराजसागर धरण बांधलं गेलं, कालवा मंड्याला गेला, ऊस आला आणि १९३३ साली मंड्यात साखर कारखाना उभा राहिला. म्हैसूरपाक राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काकासुर मादप्पांनी पहिल्यांदा केला असं सांगतात. तेव्हा तो राजाच्या ताटातला पदार्थ होता. आज सयाजीराव रोडवर मी तो किलोनं घेऊ शकतो, वर्षातले ३६५ दिवस. जी गोडी झाडावर चढून मिळायची, ती ट्रकनं दारात आली. माझ्या वडिलांच्या आणि माझ्या रक्तातला आकडा याच रस्त्यानं चढला असावा.

माझा आकडा उतरला, तो आदिमानवामुळे नव्हे. साखर, मैदा, बिस्किटं, दिवसाकाठी पाच कप गोड चहा आणि दोन वेळचा भाताचा डोंगर बंद झाला, म्हणून उतरला. पॅलिओनं मला ते बंद करायला लावलं, त्याचे आभार. त्यासाठी हुलग्याला शत्रू ठरवायची गरज नव्हती.

आणि जे खरंच रानातलं खाऊन जगत होते त्यांचं काय झालं, हेही सांगायला हवं. नागरहोळेच्या जंगलातून जेनु कुरुबांची अनेक कुटुंबं बाहेर वसवली गेली. कंद खणायचं, मध काढायचं रान कायद्यानं बंद झालं, आणि चुलीवर रेशनचा तांदूळ आला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं थोडा दरवाजा उघडला. बिळिगिरीरंगन डोंगरातल्या सोलिगांना २०११ साली सामूहिक वनहक्क मिळाले. शहरात आपण पैसे मोजून आदिमानवाचं ताट विकत घेतो, आणि ज्यांना ते ताट येतं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं गेलं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे, ते पाहिलं पाहिजे.

आता माझं रोजचं ताट सांगतो. कोणी आंधळेपणानं उचलू नका. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीही बदलू नये. सकाळी दोन अंडी आणि भाजी. दुपारी एक ज्वारीची भाकरी किंवा नाचणीचा लहान मुद्दा, हुलग्याचं सार, परतलेली पालेभाजी, काकडी. आठवड्यातून दोनदा मासळी. रात्री सूर्य मावळल्यावर लवकर, भाज्यांचं कालवण आणि ताक. गोड म्हणून अर्धं नंजनगूडचं रसबाळे केळं, तेही चालून आल्यावर. दसऱ्याला म्हैसूरपाकचा एक तुकडा, आणि तो उभ्यानं नाही, ताटात घेऊन, बसून. रोज सकाळी चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांवर जातो. सगळ्या चढत नाही आता, पण नंदीपर्यंत जातो. आदिमानवाकडून घ्यायचं असेल तर हे चालणं घ्यावं.

आकडा सध्या ६.७ आहे. मी ६४ वर्षांचा आहे.

लहानपणी ऋषिपंचमीला आम्ही पोरं कुरकुर करायचो, भाकरी का नाही म्हणून. आई सांगायची, "वरीसभर त्यानं आपल्यासाठी वढलं. आज एक दिस त्याचं खाऊ नका." मग वडील गोठ्यात जायचे, बैलांच्या मानेवरून हात फिरवायचे आणि जेवायला बसायचे. त्यांना साखरेचा आजार तेव्हाच असेल का, कोण जाणे. आमच्या घरात तेव्हा कोणी रक्त तपासत नव्हतं.

यंदा मुलगा गणपतीला येणार आहे. त्याला तक्ता घेऊन ये म्हटलं नाही. ऋषिपंचमीच्या सकाळी पिशवी घेऊन माझ्याबरोबर देवराज मार्केटला चल, एवढंच सांगितलं आहे. प्रत्येक भाजी घेताना त्यानं अम्मांना एकच प्रश्न विचारायचा आहे: हे कुठून आलं, आणि कोणी पिकवलं? कन्नड त्याला येत नाही. तेवढं वाक्य मी शिकवीन.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. जय हिंद.